दहा राग, डिस्कोचा ठेका आणि मागाहून चिकटलेलं नाव

दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेली, १९८२ सालची मुंबईतली ही एलपी, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं बास गिटार आणि कीबोर्ड वाजवून मुरलेला. सिनेमात तेव्हा जिकडेतिकडे डिस्को होता. मग डिस्कोच घ्यायचा, पण त्यावर राग वाजवायचे आणि तबला बंद ठेवायचा, एवढीच आपली कल्पना होती, असं त्याने पुढे सांगितलं. रेकॉर्ड काही खपली नाही.

२००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या जुन्या दुकानात सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा बाजारात आणली. ही जुनी रेकॉर्ड नाहीच, आजच्या कुणीतरी केलेली बनवाबनवी आहे, अशी शंका आधी घेतली गेली. ती फिटल्यावर ‘जगातली पहिली अ‍ॅसिड हाउस रेकॉर्ड’ हा शिक्का बसला (अ‍ॅसिड हाउस म्हणजे शिकागोतून आलेलं, यंत्रांवर बनवलेलं नाचाचं संगीत), आणि खरा गुंता तिथूनच सुरू झाला.

शिक्क्याच्या बाजूने बोलणारे यंत्रांकडे बोट दाखवतात. टीआर-८०८ हे तालयंत्र, ज्युपिटर-८ सिंथेसायझर आणि टीबी-३०३ ही बासची चंदेरी पेटी. त्यातली ३०३ एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून बनवलेली. ती चालली नाही, १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. स्वस्तात विकल्या गेलेल्या याच पेट्या शिकागोच्या पोरांच्या हाती लागल्या. पेटीत भरलेली स्वरांची ओळ वाजत असतानाच त्यांनी आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरची बटणं पिळली आणि १९८७ मध्ये त्या चिरकत्या आवाजाची रेकॉर्ड आली. ‘अ‍ॅसिड’ हे नाव त्या आवाजाचं. मुंबईची एलपी त्याआधीची, हे खरं. पण शिकागोत ती कुणी ऐकली होती, याला काडीचा आधार नाही. जिचा वंश पुढे चाललाच नाही, तिला मूळ पुरुष कसं म्हणायचं?

मला तर तो शिक्का रेकॉर्डवर अन्याय करणारा वाटतो. त्यातला भैरव राग लावून बघा. कोमल रिषभ, कोमल धैवत जागच्या जागी आहेत, आणि खाली ३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरते. ऐकणाऱ्याला मींडच वाटते. पण त्या पेटीत घसरण्याचा वेळ ठरलेला असतो; अंतर दोन स्वरांचं असो की सप्तकाचं, वेळ तेवढाच. गायक मींड लांबवतो, मध्येच एखाद्या श्रुतीवर, म्हणजे दोन स्वरांमधल्या बारीक जागेवर, रेंगाळतो, ते तिला जमत नाही. म्हणून खालची चौकट यंत्राची आणि रागाचा विस्तार वर, हाताने, ज्युपिटरवर. मालकंस रागातही रिषभ-पंचम वगळून वादक याच पद्धतीने हिंडतो. इथे कान राग शोधतोय. शिकागोत तो आवाजाचा पोत शोधत होता. यंत्र एकच, पण प्रश्नच वेगळे होते. अ‍ॅसिडच्या मापाने मोजलं की यातला राग नुसती सजावट ठरतो, आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात कमावलेला हात तर कुणाच्या लेखीच येत नाही.

मात्र त्या शिक्क्यामुळेच म्हाताऱ्या वादकाला परदेशातून बोलावणी आली. सत्तरी ओलांडल्यावर तो युरोपात तेच राग पुन्हा वाजवून आला, निम्म्याहून कमी वयाच्या, उभ्याने नाचणाऱ्या श्रोत्यांसमोर. २०१५ च्या जुलैत मुंबईतच तो गेला.