स्टॉक ऑप्शनचे जुने भाव मागवण्याआधी

शेअरचा दहा वर्षांपूर्वीचा भाव मोफत संकेतस्थळावर मिनिटभरात सापडतो. ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणाऱ्या कराराचा, सापडत नाही. शेअर एकच असतो. त्याचे ऑप्शन मात्र शेकडो असतात आणि दर एक्स्पायरीला (मुदत संपण्याच्या दिवशी) त्यांतले कित्येक कायमचे संपतात. संपलेला करार ब्रोकरच्या चार्टवरून बहुधा काढून टाकला जातो. त्यामुळे ‘अमुक कंपनीच्या ऑप्शनचा 2019 सालचा डेटा हवा’ एवढ्यावर काम सुरू करता येत नाही. कोणता करार, कुठला भाव आणि तो भाव किती वाजताचा, हे आधी ठरवावे लागते.

करार नेमका कोणता

शेअर, एक्स्पायरीची तारीख, स्ट्राइक (करारात ठरलेला भाव) आणि कॉल (घेण्याचा हक्क) की पुट (विकण्याचा हक्क), एवढ्याने करार ओळखता येतो. अडचण अशी की हे सगळे लिहिण्याची पद्धत मध्येच बदललेली असते.

अमेरिकी बाजारात 2010 पासून ऑप्शनचे चिन्ह 21 अक्षरांचे आहे. पहिल्या सहा जागा शेअरच्या चिन्हाला (उरलेल्या जागा कोऱ्या), पुढच्या सहा एक्स्पायरीच्या वर्ष-महिना-दिवसाला, एक अक्षर कॉल-पुटला आणि शेवटचे आठ आकडे स्ट्राइकला. त्या आठांतले शेवटचे तीन दशांशाचे असतात, म्हणजे 00125000 हा 125 डॉलरचा स्ट्राइक. 2010 पूर्वी महिना आणि स्ट्राइक प्रत्येकी एका अक्षरात दाखवत. एकच चिन्ह पुढे वेगळ्या कराराला पुन्हा दिले जाई. त्या काळातला डेटा केवळ चिन्हावरून जोडला तर दोन निरनिराळ्या करारांचे भाव एका रांगेत येतात.

एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) स्टॉक ऑप्शन जुलै 2001 मध्ये सुरू झाले. ते आधी अमेरिकन पद्धतीचे (मुदतीआधीही वापरता येणारे) होते आणि जानेवारी 2011 च्या एक्स्पायरीपासून युरोपियन (फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणारे) झाले. म्हणून जुन्या फायलींत ‘सीए’ आणि ‘पीए’ दिसते, नंतरच्या फायलींत ‘सीई’ आणि ‘पीई’. फक्त ‘सीई’ची चाळणी लावली की आधीची सगळी वर्षे गळतात आणि प्रोग्रॅम त्याबद्दल काही तक्रार करत नाही. कंपन्यांची चिन्हेही बदलतात. ‘इन्फोसिसटेक’चे ‘इन्फी’ 2011 मध्ये झाले, ‘एफबी’चे ‘मेटा’ 2022 मध्ये.

एक्स्पायरीची तारीख पंचांग काढून मोजू नका, फाइलमधलीच घ्या. अमेरिकेत फेब्रुवारी 2015 पूर्वी मासिक एक्स्पायरी कागदोपत्री शनिवारची असे, व्यवहार मात्र शुक्रवारीच थांबत. एनएसईवर वर्षानुवर्षे चाललेला ‘शेवटचा गुरुवार’ 1 सप्टेंबर 2025 पासून ‘शेवटचा मंगळवार’ झाला. शिवाय सुट्टी आली की तारीख अलीकडे सरकते.

भाव कुठला आणि केव्हाचा

सर्वांत जास्त फसगत इथे होते. क्लोज म्हणजे बाजार बंद होतानाचा भाव, असे शेअरवरून आपल्याला वाटते. ऑप्शनमध्ये तो शेवटच्या सौद्याचा भाव असू शकतो आणि तो सौदा सकाळी अकराला झालेला असू शकतो. त्यानंतर शेअर दोन टक्के हलला, तरी ऑप्शनचा आकडा तिथेच राहतो. असा क्लोज आणि शेअरचा सायंकाळचा भाव घेऊन इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (ऑप्शनच्या किमतीतून निघणारा शेअरच्या चढउताराचा अंदाज) काढली की भलतेच काहीतरी येते. कधी कधी तर कॉल त्याच्या अंतर्भूत मूल्यापेक्षाही (शेअरचा भाव वजा स्ट्राइक) स्वस्त दिसतो. हा नफ्याचा मोका नाही. दोन वेगळ्या वेळांचे भाव शेजारी ठेवल्याचा तो परिणाम आहे.

त्या दिवशी सौदाच झाला नसेल तर एनएसईच्या जुन्या भावकॉपीत (एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या फाइलमध्ये) ओपन, हाय आणि लो शून्य असतात, क्लोजच्या रकान्यात मात्र आकडा असतो. त्या भावाला त्या दिवशी कोणी घेतलेले नाही, विकलेलेही नाही. कॉन्ट्रॅक्ट्सची संख्या शून्य असलेल्या ओळी बॅकटेस्टमधून (जुन्या भावांवर डावपेच तपासून पाहण्यातून) आधी बाजूला काढा.

याच फाइलमधून एक उपयोगी आकडाही काढता येतो. तिथे उलाढालीचे मूल्य स्ट्राइक अधिक प्रीमियम (ऑप्शनची किंमत) धरून लिहिलेले असते, लाखांत. त्याला एकूण नगांनी (कॉन्ट्रॅक्ट्स गुणिले लॉट, म्हणजे एका करारातले शेअर) भागून स्ट्राइक वजा केला की दिवसभराचा सरासरी प्रीमियम मिळतो. उलाढाल तुरळक असेल तर पूर्णांकनामुळे तो बिघडतो, भरपूर असेल तर क्लोजपेक्षा तो अधिक भरवशाचा.

खरेदी-विक्रीचा खर्च धरायचा असेल तर बिड (घेणाऱ्याने देऊ केलेला भाव) आणि आस्क (विकणाऱ्याने मागितलेला भाव) दोन्ही हवेत. दिवसाच्या फाइलमध्ये ते सहसा नसतात. अमेरिकी ऑप्शनसाठी सीबो या एक्स्चेंजच्या डेटाशॉपच्या दिवसअखेरच्या फाइलमध्ये दुपारी 3:45 चे आणि बंद होतानाचे असे दोन्ही वेळचे बिड-आस्क मिळतात. आमचा सल्ला 3:45 चे घेण्याचा, कारण शेवटच्या क्षणी मार्केट मेकर (सतत दोन्ही भाव देणारे व्यापारी) बिड-आस्कमधले अंतर वाढवतात.

स्प्लिट आणि बोनस

मोफत मिळणारे शेअरचे जुने भाव बहुतेक वेळा स्प्लिटनुसार मागे जाऊन दुरुस्त केलेले असतात. ऑप्शनचे स्ट्राइक मात्र त्या दिवशी जसे होते तसेच फाइलमध्ये राहतात. ॲपल 28 ऑगस्ट 2020 रोजी 499.23 डॉलरवर बंद झाला आणि 31 ऑगस्टला 4:1 स्प्लिट (एका शेअरचे चार) लागू झाले. आज मोफत चार्टवर त्या दिवशीचा भाव 124.81 दिसतो. शेजारी 500 चा कॉल ठेवला तर शेअरच्या अगदी लगतचा तो ऑप्शन चौपट दूर असल्यासारखा वाटतो. ऑप्शनशी जोडायला शेअरचा मूळ, दुरुस्ती न केलेला भावच घ्यावा.

दुसरा घोळ करारातच होतो. रिलायन्सचा 1:1 बोनस (एका शेअरमागे एक मोफत) 28 ऑक्टोबर 2024 रोजी लागू झाला तेव्हा 2,700 चा स्ट्राइक 1,350 झाला आणि लॉट 250 वरून 500. डेटात 2,700 ची मालिका एकाएकी तुटते आणि 1,350 ची जणू नव्याने उगवते. दोन्ही जोडताना आधीचा प्रीमियम दोनने भागा, नाहीतर एका रात्रीत निम्मी किंमत उडाल्याचे दिसेल. अमेरिकेत 3:2 सारखे अपूर्णांकी स्प्लिट झाले की जुना करार 100 ऐवजी 150 शेअरचा होतो आणि चिन्हाला आकडा जोडला जातो. संशोधनासाठी असे करार वगळलेलेच बरे.

डेटा कुठे असतो

एनएसईची रोजची एफ अँड ओ (फ्यूचर व ऑप्शनची) भावकॉपी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. 8 जुलै 2024 पासून तिचा साचा बदलला: रकान्यांची नावे वेगळी, स्टॉक ऑप्शनची खूण ‘ऑप्टएसटीके’ऐवजी ‘एसटीओ’. मूळ शेअरचा भावही आता त्याच ओळीत असतो. दोन्ही साचे वाचणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो.

अमेरिकेत सर्व ऑप्शन एक्स्चेंजचे भाव ओप्रा या यंत्रणेतून एकत्र येतात, पण जुना साठा विकतच घ्यावा लागतो. ऑप्शनमेट्रिक्सचा साठा 1996 पासूनचा आहे. अनेक विद्यापीठांकडे त्याची वर्गणी असते, तेव्हा विद्यार्थ्यांनी आधी ग्रंथालयात विचारावे. पैसे वाचतील.

आकाराचा अंदाजही घ्या. एका शेअरचे 20 स्ट्राइक, कॉल-पुट दोन्ही आणि तीन एक्स्पायरी धरल्या तर 250 दिवसांच्या 30,000 ओळी होतात. पाच मिनिटांचा डेटा घेतला तर सव्वासहा तासांच्या सत्रात 75 नोंदी, म्हणजे साडेबावीस लाख ओळी. एक्सेल 10,48,576 ओळींवर थांबते. आठ आकडी स्ट्राइकचे आधीचे शून्यही ते खाऊन टाकते, म्हणून तो रकाना मजकूर म्हणूनच उघडा.

फाइल हाती आल्यावर

आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, वापरण्याआधी तपासा. एकाच क्षणाच्या भावांत वरच्या स्ट्राइकचा कॉल खालच्यापेक्षा महाग नसावा आणि दोघांच्या किमतींतला फरक स्ट्राइकमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावा. एनएसईच्या 2011 नंतरच्या डेटासाठी आणखी चांगली कसोटी आहे: त्याच एक्स्पायरीच्या फ्यूचरचा (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या बंधनकारक कराराचा) भाव त्याच फाइलमध्ये असतो. कॉल वजा पुट हा फरक फ्यूचर वजा स्ट्राइकच्या जवळपास यायला हवा. व्याजदर आणि लाभांशाचा वेगळा अंदाज लागत नाही. अमेरिकी स्टॉक ऑप्शन मुदतीआधी वापरता येतात, त्यामुळे तिथे ही बरोबरी इतकी काटेकोर लागू होत नाही.

मागणी पाठवताना शेअरचे त्या काळातले चिन्ह, तारखांची मर्यादा, शेअरच्या भावापासून किती टक्क्यांपर्यंतचे स्ट्राइक, दिवसाचा डेटा हवा की मिनिटांचा, आणि सौद्याचे भाव हवेत की बिड-आस्क, एवढे लिहा. सगळे स्ट्राइक मागवू नका. दूरच्या स्ट्राइकमध्ये मुख्यतः शून्य सौद्यांच्याच ओळी असतात आणि त्यांचेही पैसे लागतात.