दातेरी अळिंबी: दोन बहिणींचा जुना घोळ

मराठवाड्यात अळिंबी म्हटली की धिंगरी (ऑयस्टर मशरूम). सोयाबीनचं काड भरलेल्या पिशव्या, शेडला ओल्या गोणपाटाचे पडदे, हे परभणी-लातूरकडं आता नवं राहिलेलं नाही. अलीकडे त्याच गप्पांत ‘लायन्स मेन’ येतं, म्हणजे हेरिशियम एरिनेशियस. तिची सख्खी बहीण हेरिशियम कोरलॉयडिस. दोघींत गल्लत होते, आणि ती आजची नाही.

धिंगरी उलटी करा, खाली पातळ पापुद्रे दिसतील. या दोघींना ना छत्री, ना पापुद्रे. नुसते लोंबणारे पांढरे काटे, आणि बीजाणू तयार होतात ते त्यांच्यावरच. काटे दिसले की घाला हिडनम या प्रजातीत (वंशात), असा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या काळचा (१७५३) सरळ हिशेब होता. बुरशीशास्त्रज्ञ पेर्सूननं १७९४ मध्ये हेरिशियम वेगळी काढली. पुढं डीएनएनं तर हिडनम आणि हेरिशियम वेगवेगळ्या गणांतल्या ठरवल्या. काटे सारखे, कूळ निराळं!

एरिनेशियस म्हणजे एकसंध गोळा. फांद्या नाहीत, काटे सेंटिमीटरहून लांब, सरळ खाली सोडलेले. बहुधा उभ्या झाडाच्या जखमेतून ती बाहेर पडते. कोरलॉयडिसला मात्र बुडापासूनच फांद्या फुटतात, आखूड काटे फांदीच्या कडेनं ओळीत लागतात, आणि तिला पडलेलं, कुजकं खोड जास्त मानवतं. फसगत होते ती कोवळ्या एरिनेशियसपाशी, कारण तेव्हा तिचेही काटे आखूडच असतात. दोघी समशीतोष्ण जंगलातल्या. किनवटच्या सागवानात त्यांना शोधत फिरू नये.

खरी गंमत अमेरिकेत झाली. तिथं लांब काट्यांच्या तिसऱ्याच जातीला कोरलॉयडिस म्हणत, आणि खऱ्या कोरलॉयडिसला रामोसम. १९८४ मध्ये बुरशीशास्त्रज्ञ गिन्स यांनी त्या तिसरीला अमेरिकानम नाव दिलं तेव्हा कुठं गाठ सुटली. त्याआधीची अमेरिकी पुस्तकं म्हणूनच जपून वाचावीत.

मेंदूला उपयोगी म्हणून जो गाजावाजा चालतो, त्याचा आधार मुख्यतः एरिनेशियसवरचं काम. जपानमध्ये संशोधक कावागिशी यांनी तिच्या फळातून हेरिसिनोन आणि तंतुजालातून (बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यातून) एरिनासिन ही रसायनं वेगळी केली. तिची पूड देऊन केलेली २००९ ची जपानी चाचणी अवघ्या ३० जणांवरची, १६ आठवड्यांची. पूड बंद केल्यावर फायदा ओसरत गेला. एवढ्यावर डबीभर पुडीला वाटेल तो भाव मोजणं मला पटत नाही. शिवाय पुडीत काटे दिसत नाहीत. बहीण कोणती, आणि फळ वाटलंय की तंतुजाल ज्यावर वाढवलं ते धान्यच त्यासकट, हे दुकानदाराला विचारलंच पाहिजे.

लावणाऱ्यानंही आधी हवामान बघावं. फळ धरायला साधारण १८ ते २४ अंश लागतात, म्हणजे आपल्याकडं कूलिंगशिवाय फक्त हिवाळा.