बॅटरी थंडीत ‘जाते’, पण तिला मारतो उन्हाळा

डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू झाली नाही की ‘थंडीने बॅटरी गेली’ असं सगळेच म्हणतात. खरं नुकसान मे महिन्यात झालेलं असतं. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत बॉनेटखाली बॅटरीतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि आधीच थकलेली बॅटरी उघडी पडते.

साधारण ३ ते ५ वर्षं ती टिकते. पण निव्वळ वॉरंटी संपली म्हणून चांगली बॅटरी कृपया बदलू नका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. तरीही सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली घसरला, तर मात्र बदलाच. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड साफ करून घ्या, कित्येकदा दोष तिथेच असतो.