चॅनेल क्लोज करणं आणि कॉन्टेक्स्ट कॅन्सल करणं

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत वर्कर (जॉब उरकणारे गोरूटीन, म्हणजे एकाच वेळी चालणारी हलकी कामं) थांबवायचे म्हटलं की कुणी जॉबचं चॅनेल (जॉब वर्करपर्यंत पोचवणारी वाट) क्लोज करतं, कुणी कॉन्टेक्स्ट ('थांबा' हा निरोप पोचवणारी वस्तू) कॅन्सल करतं. दोन्हींनी गोरूटीन थांबतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण वर्करला मिळणारा निरोप अगदी वेगळा असतो.

चॅनेल क्लोज करणं म्हणजे 'ही शेवटची पंगत' असं सांगणं. नवीन कुणी बसणार नाही, पण बसलेल्यांना जेवूनच उठू द्यायचं. रेंज (चॅनेलमधून एकेक व्हॅल्यू घेणारा लूप) लावून बसलेला वर्कर बफरमधली, म्हणजे चॅनेलमध्ये थांबलेली, शेवटची व्हॅल्यू घेतो आणि मगच लूपबाहेर पडतो. कॅन्सल म्हणजे 'हातातलं काम ठेवा आणि निघा'. मागे किती जॉब उरलेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आमच्या एका सर्व्हिसमध्ये बिलांचे ईमेल पाठवणारे आठ वर्कर होते, चॅनेलचा बफर १०० चा. डिप्लॉयच्या वेळी सिगटर्म (प्रोसेसला 'आवरून बंद हो' सांगणारा सिग्नल) आला की कॉन्टेक्स्ट कॅन्सल व्हायचा, वर्कर शहाण्यासारखे परतायचे आणि लॉगमध्ये एकही एरर नसायचा. फक्त दर डिप्लॉयनंतर काही ग्राहकांना बिलच जायचं नाही. बफरमधले जॉब प्रोसेसबरोबरच नाहीसे होत होते. हे कळायला तीन आठवडे गेले, आणि तेही एका ग्राहकाचा फोन आला म्हणून.

क्लोज करण्याचा हक्क पाठवणाऱ्याचा. क्लोज झालेल्या चॅनेलवर काही पाठवलं की पॅनिक (सहसा प्रोग्रॅमच कोसळतो), दुसऱ्यांदा क्लोज केलं तरी पॅनिक. पाठवणारे अनेक असतील तर सगळे थांबल्याची खात्री वेटग्रुपने (सगळे संपेपर्यंत वाट बघणाऱ्या मोजणीने) करून एकानेच क्लोज करावं. कॅन्सल फंक्शन मात्र कुणीही, कितीदाही बोलवावं.

पण कॅन्सल कुणाला मारत नाही. कॉन्टेक्स्टचं डन चॅनेल क्लोज होतं, बस (गल्लतीचं मूळही बहुधा हेच). तिकडे बघायचं की नाही, हे गोरूटीनच्या हाती. बाहेरून थ्रेड मारण्याची सोय जावात होती; पण लॉक मध्येच सुटून डेटा अर्धवट राहायचा, म्हणून १९९८ च्या १.२ आवृत्तीत ती डेप्रिकेट झाली (म्हणजे 'वापरू नका' असं ठरलं). गोने ती सोय दिलीच नाही, हे मला फार पटतं. आणखी एक: सिलेक्टमध्ये (अनेक चॅनेलपैकी तयार असलेलं निवडणाऱ्या स्टेटमेंटमध्ये) डन आणि जॉब दोन्ही तयार असतील तर गो त्यातलं एक रँडम निवडतो. म्हणजे कॅन्सलनंतरही वर्कर एखादा नवा जॉब उचलू शकतो. जॉब हाती आल्यावर कॉन्टेक्स्टचा एरर आधी तपासा.

आम्ही शेवटी दोन्ही वापरले, क्रमाने. सिगटर्म आला की आधी नवीन काम घेणं बंद, मग चॅनेल क्लोज, मग वर्करची वाट. कुबरनेटीस (आमची सर्व्हिस चालवणारी प्रणाली) सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद करणारा सिग्नल, पाठवण्याआधी डीफॉल्टने ३० सेकंद देतं, म्हणून आम्ही २० सेकंद थांबतो. तरी कुणी अडकलेलं असेल तरच कॅन्सल, आणि उरलेले जॉब परत डेटाबेसच्या टेबलात.

इथेच खरी मेख आहे. गो १.१६ पासून सिग्नल पॅकेजमधलं नोटिफायकॉन्टेक्स्ट हाताशी आहे. त्यातून मिळणारा कॉन्टेक्स्ट सिगटर्म येताक्षणी कॅन्सल होतो. तोच वर्करला दिलात तर ती २० सेकंदं कागदावरच राहतात, कारण चालू असलेला ईमेलचा कॉलही जागीच तुटतो. सिग्नलचा कॉन्टेक्स्ट मेन फंक्शनपुरता ठेवा. वर्करसाठी बॅकग्राउंडपासून (कधीच कॅन्सल न होणाऱ्या मूळ कॉन्टेक्स्टपासून) वेगळा कॉन्टेक्स्ट बनवा, आणि तो कॅन्सल करायचं काम त्या २० सेकंदांच्या टायमरकडे द्या.