कळ कुणाला कळते? घरगुती कीबोर्डच्या फर्मवेअरची पार्श्वभूमी

कीबोर्डच्या पोटात स्वतंत्र संगणक असणं नवं नाही. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हाच त्याच्या कीबोर्डात इंटेलची ८०४८ चिप होती. कोणती कळ दाबली, कोणती सुटली, एवढं ती पीसीला सांगायची. तिच्यातला प्रोग्रॅम, म्हणजेच फर्मवेअर, कारखान्यातच पक्का झालेला. विकत घेणाऱ्याला त्यात हात घालायला जागा नव्हती.

काम तसं साधं, पण खोड्या बऱ्याच. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. चिप एकेका ओळीत विचारत जाते, 'इथे कुणी आहे का?' तीन कळा एकदम दाबल्या तर न दाबलेली चौथीही 'हजर' म्हणते. म्हणून प्रत्येक कळीला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग, आणि घरी कीबोर्ड बांधणाऱ्याची अख्खी संध्याकाळ त्या सोल्डरिंगमध्ये जाते. शिवाय धातूचे संपर्क जुळताना थरथरतात. फर्मवेअर काही मिलिसेकंद थांबलं नाही, तर एका दाबाची दोन अक्षरं उमटतात.

हौशी मंडळींच्या हाती स्वतः प्रोग्रॅम करता येणारी चिप आली ती टीन्सी २.० सारख्या छोट्या, स्वस्त सर्किट बोर्डांमुळे. त्यावरच्या एटीमेगा३२यू४ चिपमध्ये यूएसबी आधीपासूनच होतं. जुन वाको यांचं टीएमके फर्मवेअर याच काळातलं. जुने, यूएसबी नसलेले कीबोर्ड नव्या संगणकाला जोडणारे कन्व्हर्टरही त्यात होते. पुढे जॅक हम्बर्ट यांनी त्यावरून क्यूएमके उभं केलं. त्यांच्या प्लँक नावाच्या छोट्या कीबोर्डवर जेमतेम ४७-४८ कळा, आकड्यांची ओळच नाही. मग एकाच कळीवर अनेक 'लेयर', म्हणजे वेगवेगळ्या अक्षरांचे थर, चढवावे लागले; शिवाय एकाच कळीला दोन कामं: टिचकी मारली तर अक्षर, २०० मिलिसेकंदांहून जास्त धरली तर शिफ्ट. माझ्या मते क्यूएमकेची खरी ताकद इथे आहे. रंगीबेरंगी दिवे नंतरचे लाड.

एटीमेगात जागा फक्त ३२ केबी. प्रो मायक्रो बोर्डावर त्यातले ४ केबी बूटलोडरचे (नवं फर्मवेअर चिपमध्ये उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे), म्हणजे उरले २८. एकेका बाइटसाठी ओढाताण. फ्लॅश करताना, म्हणजे फर्मवेअर चिपमध्ये भरताना, चिमट्याने बोर्डवरच्या रीसेट आणि ग्राउंड या पिना जोडायच्या आणि आठ सेकंदांत काम उरकायचं. २०२१ मध्ये आरपी२०४० चिप आली आणि फाइल पेनड्राइव्हवर टाकावी तशी बोर्डवर टाकता येऊ लागली. व्हाया हे कळांची मांडणी पडद्यावरून बदलणारं अ‍ॅप आल्यावर तर कळा बदलायला कोड पुन्हा कंपाइल करायचीही (चिपच्या भाषेत उतरवायचीही) गरज उरली नाही.

आता मराठीचं. फर्मवेअरला मराठी येत नाही, पण इंग्रजीही येत नाही! 'ए'ची कळ दाबली की यूएसबीवरून जातो तो ४ हा आकडा. त्याचं अक्षर करते ऑपरेटिंग सिस्टिम. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत 'के'च्या जागी क येतो, तोही तिथेच. फर्मवेअरमधून थेट युनिकोड, म्हणजे अक्षराचा ठरलेला क्रमांक, पाठवता येतो, पण विंडोज, मॅक, लिनक्स प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यापेक्षा अक्षरं सिस्टिमवर सोडावीत आणि जोडाक्षरांसाठी सतत लागणारा 'डी'वरचा हलन्त तेवढा अंगठ्याखाली आणून ठेवावा.