'पहिली पिढी' म्हणजे नेमकी कोणती? मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या ओळखीमागचा इतिहास

कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांची मुलं अलीकडे पदवीचा झगा आणि टोपी घालून फोटो काढायला स्ट्रॉबेरीच्या, द्राक्षांच्या वावरात जातात. शेजारी आई-वडील, कामाच्याच कपड्यांत. मुलाच्या गळ्यात सारापेच्या, म्हणजे मेक्सिकन पट्टेदार शालीच्या, रंगीत विणीचा पट्टा आणि त्यावर भरलेली अक्षरं: 'पहिली पिढी'. या दोन शब्दांचा गुंता सोडवल्याशिवाय या मुलांची ओळख आणि त्यांची स्वप्नं नीट कळत नाहीत.

स्थलांतराचे अभ्यासक सीमा ओलांडून आलेल्या आई-वडिलांना पहिली पिढी म्हणतात. अमेरिकेत जन्मलेली मुलं दुसरी. घरात मात्र तिथे जन्मलेलं मूलच स्वतःला पहिलं समजतं. कॉलेजात तिसराच अर्थ चालतो: ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणाकडेही चार वर्षांची पदवी नाही तो विद्यार्थी. ही व्याख्या उच्च शिक्षण कायद्याच्या 1980 च्या दुरुस्तीतून आली. मदतीच्या योजनांसाठी कोण पात्र, हे तिने ठरवायचं होतं. त्यामुळे आजोबा टेक्ससमध्येच जन्मले असले तरी नात 'पहिल्या पिढीची' ठरू शकते. उलट आई मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराची पदवीधर शिक्षिका असेल आणि इथे लोकांची घरं साफ करत असेल, तर तिची मुलगी त्या व्याख्येत बसत नाही. घरात काय नाही एवढंच ही व्याख्या मोजते. घरात काय आहे, याला तिच्यात रकानाच नाही. ही तिची मोठी उणीव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण या घरांत शिक्षणाचा अर्थच वेगळा आहे. स्पॅनिशमधल्या 'एदुकासिओन' या शब्दात शाळेइतकंच वळणही येतं. 'बिएन एदुकादो' म्हणजे मोठ्यांचा मान राखणारा, चांगल्या वळणाचा. चौथीत शाळा सुटलेला बापही या अर्थाने मुलाचा गुरू असतो, आणि मुलाला ते पुरतं ठाऊक असतं.

मागचा इतिहास लांब आहे. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या 1848 च्या तहाने सीमाच लोकांवरून सरकली. 1942 ते 1964 या काळात ब्रासेरो योजनेखाली, म्हणजे मेक्सिकन मजुरांना तात्पुरत्या कामासाठी अमेरिकेत आणणाऱ्या योजनेखाली, मजुरीचे सुमारे 46 लाख करार झाले. एकच माणूस अनेकदा जाई-येई. शेतात 'एल कोर्तितो', म्हणजे जेमतेम हातभर दांड्याचं खुरपणीचं अवजार, हाती मिळे. ते वापरायचं तर दिवसभर कमरेतून वाकूनच राहावं लागे. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी यायला 1975 उजाडलं. 'तू माझ्यासारखी कंबर मोडू नकोस' या बापाच्या बोलण्यामागे हे अवजार आहे.

भाषेची जखम वेगळी. 1918 मध्ये टेक्ससने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणं गुन्हा ठरवलं, आणि हा कायदा सुमारे 50 वर्षं टिकला. मैदानात स्पॅनिश बोललं तरी मुलांना छड्या बसत. मार खाल्लेल्यांपैकी अनेकांनी आपल्या मुलांना ती भाषा दिलीच नाही. आज त्यांच्याच नातवंडांना 'नो साबो' म्हणून चिडवलं जातं, कारण 'मला माहीत नाही' हे त्यांना शुद्ध स्पॅनिशमध्ये सांगता येत नाही. मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसची हजारो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली, तेव्हा स्पॅनिश बोलण्याची शिक्षा थांबवा, आमचा इतिहास शिकवा आणि आम्हाला कॉलेजचीही वाट दाखवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

आजच्या विद्यार्थ्यांवर खरा ठसा मात्र त्यानंतरच्या दशकांचा आहे. अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेत घ्यावंच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितलं. 1986 च्या कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. त्यांत बहुसंख्य मेक्सिकन होते. 1994 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रं नसलेल्यांची शाळा आणि दवाखाना बंद करायला कौल दिला. न्यायालयाने तो अडवला. 2001 मध्ये टेक्सस आणि कॅलिफोर्नियाने अशा मुलांना कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांइतकीच कमी फी लावली. टेक्ससची ती सवलत जून 2025 मध्ये फेडरल न्यायालयाच्या आदेशाने गेली.

या सगळ्याचं ओझं शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतं. डॉक्टरपासून घरमालकापर्यंत सगळ्यांशी आई-वडिलांच्या वतीने आठव्या-नवव्या वर्षापासून बोलणारी मुलगीच कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरते. वडिलांचं शिक्षण विचारणाऱ्या प्रश्नाला जुन्या अर्जात सर्वांत खालचा पर्याय सातवी-आठवीच्या शाळेचा होता. तिच्या वडिलांनी तीही पाहिलेली नसे. आईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकारचा नऊ अंकी क्रमांक, नसेल तर तिथे नऊ शून्यं टाकायची, सहीचं पान छापायचं, आईची सही घ्यायची आणि ते टपालाने पाठवायचं, अशी रीत होती. 2024 च्या सुरुवातीला नवा ऑनलाइन अर्ज आला, तेव्हा नेमक्या याच घरांतल्या मुलांना तो कित्येक आठवडे पुरा करता येईना.