पोट भरल्याचा निरोप

लग्नाच्या पंगतीत एखाद्या जाड माणसाने दुसऱ्यांदा जिलबी घेतली, की शेजारचं कोणीतरी ऐकवतंच, ‘अहो, जिभेवर जरा ताबा ठेवा!’ जाडी म्हणजे खादाडपणा आणि खादाडपणा म्हणजे मनाचा दुबळेपणा, ही समजूत फक्त पंगतीतली नाही. १९६०च्या दशकात बऱ्याच शास्त्रज्ञांचंही मत असंच होतं. त्याला सुरुंग लावला एकमेकांना शिवलेल्या उंदरांनी.

डग्लस कोलमन हे कॅनडात जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. डॉक्टरेट घेऊन १९५८ साली ते अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत आले. एक-दोन वर्षं काढू म्हणून आले, ते १९९१ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच रमले. उंदरांचे शुद्ध वाण जपणं हे या प्रयोगशाळेचं खास काम. १९४९ साली तिथे एका वाणात गोलमटोल पिल्लं निघाली. त्यांच्यातल्या बिघडलेल्या जनुकाला ‘ओबी’ म्हणू लागले. पुढे १९६६ साली दुसऱ्या एका वाणातल्या ‘डीबी’ उंदरांची नोंद प्रसिद्ध झाली. हेही तितकेच जाड आणि अधाशी, शिवाय रक्तातली साखर बेसुमार वाढलेली.

निरोगी उंदराच्या रक्तातलं काहीतरी डीबीचा मधुमेह आटोक्यात आणेल का, हे कोलमनना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी दोन उंदरांच्या कुशीची कातडी कापून दोघांना एकमेकांना शिवलं. जखम भरताना बारीक रक्तवाहिन्या जुळतात आणि थोडं थोडं रक्त इकडून तिकडे जाऊ लागतं. ऐकायला क्रूर वाटतं, आणि आहेच.

झालं भलतंच. डीबीला काडीचा फरक पडला नाही. निरोगी जोडीदाराने मात्र खाणं सोडलं. समोर अन्न असून त्याचं पोट रिकामं, रक्तातली साखर घसरलेली, आणि शेवटी तो उपासमारीने मेला. मधुमेही रक्त मिसळूनही साखर कमी होते, म्हणजे हा साखरेचा खेळ नव्हताच. डीबीच्या रक्तातून ‘पोट भरलं, आता पुरे’ असा निरोप येत होता आणि निरोगी उंदीर तो इमानाने पाळत होता.

मग ओबीला निरोगी उंदराशी जोडलं. ओबीचं खाणं कमी झालं, वजनाची वाढ मंदावली. निरोगी जोडीदार ठणठणीत.

आता ओबी आणि डीबी एकमेकांना जोडले तर? दोघेही जाडे, दोघेही अधाशी. पण ओबी उपाशी मेला आणि डीबी चरतच राहिला! क्षणभर थांबून विचार करा, उत्तर तुम्हालाही सापडेल. ओबीला निरोप तयार करता येत नाही, पण आला तर ऐकू येतो. डीबी निरोपांचा पाऊस पाडतो, पण स्वतः ठार बहिरा. रसायन हातात नव्हतं, जनुक माहीत नव्हतं, तरी १९७३ पर्यंत कोलमननी हे मांडलं होतं. आणखी एक पुरावा त्यांच्याकडे होता. ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, तरी एकाच वाणात आणली की दोघांचा आजार हुबेहूब एकसारखा दिसतो. म्हणजे दोन्ही बिघाड एकाच साखळीतले.

तो निरोप १९९४ साली सापडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक हुडकलं. ते १६७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनवतं आणि ते बनतं चरबीच्या पेशींत! सडपातळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं लेप्टिन. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये पोचतं, भूक चेतवणाऱ्या चेतापेशींना गप्प करतं आणि भूक शमवणाऱ्यांना जागं करतं. लेप्टिन ज्याला चिकटतं तो ग्राही डीबी जनुकातून बनतो. जॅक्सन प्रयोगशाळेतल्या डीबी उंदरांत त्या ग्राहीची पेशीच्या आत जाणारी लांब शेपूट तुटलेली असते. लेप्टिन बाहेरून चिकटतं, पण आत वर्दी जात नाही.

१९९५ साली लेप्टिन टोचून पाहिलं. ओबी बारीक झाले, डीबी ढिम्म. निवृत्त कोलमनचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं. मग माणसांच्या जाडीवर रामबाण सापडल्याचा गाजावाजा झाला. पण बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. मेंदूच दाद देत नाही. उपाशी राहून वजन घटवलं की लेप्टिन उतरतं, मेंदूला दुष्काळ पडल्यासारखा वाटतो आणि भूक खवळते. पंगतीतल्या सल्लागारांना हे कोण सांगणार?

तरीही ‘लेप्टिन’ नाव छापलेल्या कॅप्सुली ऑनलाइन विकल्या जातात. लेप्टिन हे प्रथिन आहे. गिळलं तर पोटात डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जाईल. टोचावंच लागतं, आणि तेही ज्याच्या शरीरात ते बनतच नाही त्याला. अशी दोन चुलत भावंडं केंब्रिजच्या डॉक्टरांना सापडली, १९९७ साली. थोरली आठ वर्षांची, वजन ८६ किलो. लेप्टिनच्या जनुकातलं एकच अक्षर गळालेलं. रोज इंजेक्शन सुरू केल्यावर वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलोंनी उतरलं.